फुली कुठे ठेवायची

दोन हात एकाच बाटलीवर पडले, आणि दोघांपैकी कुणीच सोडेना.

बाटली जेलची होती. सोनोग्राफी विभागात दोन खोल्या, मधे अरुंद बोळ, आणि त्या बोळात जेलच्या बाटल्या कोमट ठेवणारी एकुलती एक पेटी. त्या सकाळी पेटीत शेवटची बाटली उरली होती. एक हात तिचा होता, आजच रुजू झालेल्या, कोटाची घडीही न मोडलेल्या डॉक्टरचा. दुसरा दोन नंबरच्या खोलीतल्या डॉक्टरचा. त्याला घाई असावी असं काही दिसत नव्हतं.

"माझी पेशंट टेबलावर झोपलीय," ती म्हणाली.

"माझेही झोपलेत. एव्हाना घोरतसुद्धा असतील." त्याने हात काढून घेतला. "घ्या तुम्ही. पण परत कधी मिळेल?"

"सात मिनिटांनी."

"सात?" तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा — हे तिला उगाचच दिसलं. "मी असतो तर म्हटलं असतं, साधारण थोड्या वेळात."

"साधारण म्हणजे किती?"

"साधारण म्हणजे... साधारण."

सातव्या मिनिटाला ती बाटली घेऊन बोळात आली, तर तो पेटीला टेकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा. "सात," तो हळूच म्हणाला. "खरंच सात." आणि तिला काय झालं कोण जाणे, बाटली त्याच्या हातात देताना ती क्षणभर सोडायचीच विसरली.

बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या नर्सबाईंचे कान तिखट. दुपारपर्यंत विभागात दोघांना नावं पडली होती. ती मिलिमीटर आणि तो साधारण.

नावं अगदीच खोटी नव्हती. त्याच्या रिपोर्टात 'किंचित मोठी', 'लहानशी गाठ', 'फारशी काळजी नसावी' असे शब्द पेरलेले असायचे. पेशंट त्याच्यावर जीव टाकायचे आणि सर्जन डोकं धरून बसायचे. तिचं सगळं उलट. तिच्या काकांची एकदा तीन डॉक्टरांनी सोनोग्राफी केली होती, आणि तिन्ही रिपोर्ट वाचून तीन वेगवेगळी माणसं आजारी आहेत असं वाटावं. कोणता खरा धरायचा या घोरानेच काका खंगले. एकच पोट दोन डॉक्टरांना दोन गोष्टी सांगत असेल तर दोष पोटाचा नाही, हे तिच्या मनाने तेव्हापासून घेतलं होतं.

त्यामुळे विभागप्रमुख मोठ्या मॅडमनी दोघांना बोलावून नवा हुकूम काढला तेव्हा तिचा चेहरा फुलला आणि त्याचा पडला.

"आजपासून रिपोर्ट एकाच साच्यात," मॅडम म्हणाल्या. "गाठ भरीव की पाण्याची, किती गडद, आकार कसा, कड गुळगुळीत की दातेरी, आत चमकते कण आहेत का. प्रत्येकाला ठरलेले गुण, गुणांची बेरीज, बेरजेवरून श्रेणी. कवितेला जागा नाही." हे शेवटचं साधारणकडे बघून. "आणि अधूनमधून एकच पेशंट तुम्ही दोघांनी तपासायचा. एकमेकांचा रिपोर्ट बघायचा नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. दोन्ही रिपोर्ट माझ्या हातात पडेपर्यंत तोंडावर बोट."

"आणि पडल्यावर?" त्याने विचारलं.

"पडल्यावर हवं तेवढं भांडा."

त्यांनी मॅडमचा शब्द अगदी मनावर घेतला. कँटीनमधलं खिडकीजवळचं टेबल त्या भांडणांसाठी जणू राखीवच झालं. दोन कप कॉफी, मधे साखरेचा डबा, आणि वाद. 'तुम्ही'चं 'तू' नक्की कुठल्या वादात झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"माणूस कधी बेरजेत बसतो का?" तो विचारायचा.

"माणूस नाही बसत. गाठ बसते."

"बरं. समजा, मला एखादी व्यक्ती आवडली. तिची श्रेणी कशी काढायची?"

तिने कॉफीत नसलेली साखर ढवळली. "आधी... कड बघायची. गुळगुळीत की दातेरी."

"दातेरी," तो तिच्याकडे रोखून बघत म्हणाला. "चांगलीच दातेरी."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने काही पुढे बोलावं असंही वाटलं आणि बोलू नये असंही. तो बोलला नाही. शब्द पेरण्यात पटाईत असलेला माणूस नेमक्या जागी मुका व्हायचा, आणि ती घरी जाऊन त्या मुकेपणाचा अर्थ लावत बसायची. दिवस असे चालले होते. मग ती बाई आली.

साधारणची त्या दिवशी सुट्टी होती. साठीच्या जवळपासची, नीटनेटकी, डोळ्यांत मिश्कील चमक असलेली बाई टेबलावर झोपली आणि म्हणाली, "थायरॉइडची गाठ आहे बाळ माझी. गेल्या वर्षी इथेच बघितली होती."

मिलिमीटरचा हात हवेतच थांबला. हा आवाज ती रोज सकाळी ऐकत होती. "तुम्ही... बसस्टँडवर? फलाट क्रमांक सांगता त्या?"

"ओळखलंस की! तीस वर्षं गाड्या सोडतेय. माणसं चेहरा बघत नाहीत, पण आवाजावर धावतात. हा गळा गेला तर निम्मं गाव चुकीच्या गाडीत बसेल." ती हसली, पण हसताना हात गळ्याकडे गेला.

मिलिमीटरने मशीनचा प्रोब गळ्याला टेकवला. गाठ दिसली, आणि तिने एकेक गोष्ट साच्यात भरली. कड गुळगुळीत, कण नाहीत. श्रेणी साधी आली, नुसतं लक्ष ठेवावं अशी. मग आकार. पडद्यावर मापाची एक फुली गाठीच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. सोळा मिलिमीटर. गेल्या वर्षीच्या रिपोर्टात, साधारणच्या सहीवर, लिहिलं होतं 'साधारण तेरा'.

वर्षात तीन मिलिमीटर. तिने ओठ आवळले आणि खाली लिहिलं: वाढ झाली आहे.

बाई उठली. गळ्यावरचं जेल पुसत तिने मिलिमीटरला असं काही निरखून पाहिलं, की तपासणी नेमकी कोण कुणाची करतंय कळेना. "हात हलका आहे हो तुझा," ती म्हणाली आणि गेली.

सर्जनना वाट बघत बसण्याची सवय नव्हती. वाढतेय म्हटल्यावर त्यांनी ऑपरेशनचा दिवसच देऊन टाकला. आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, क्वचित दुखावते, हेही त्यांनी सांगितलं. कायद्याने सांगावं लागतं म्हणून सांगितलं, पण बाई ते ऐकून खुर्चीतच बसून राहिली.

हे मिलिमीटरला कळलं ते दुसऱ्या दिवशी, बोळात. साधारण समोर उभा होता. हातात तिचा रिपोर्ट, आणि चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता.

"ही बाई कोण आहे माहीत आहे तुला?"

"बसस्टँडवरच्या..."

"माझी आई आहे."

आईचा विषय निघाला की तो फक्त 'फार बोलते' एवढंच म्हणायचा. कुठे बोलते, ते कधी सांगितलं नव्हतं.

"मला न सांगता आली ती. मी काळजीने घर डोक्यावर घेतो म्हणून. गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नव्हती, म्हणून मीच बघितलं होतं." त्याचा आवाज खाली आला. "तेरा होती. मी स्वतः मोजलीय. आता तू सोळा म्हणतेस. म्हणजे एक तर ती वाढतेय, नाहीतर मी माझ्याच आईची गाठ चुकीची मोजली, नाहीतर... नाहीतर तू."

तिसऱ्या शक्यतेवर तो अडखळला, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. ती बरोबर असली, तर त्याच्या आईच्या गळ्यावर सुरी चालणार. ती चूक असली, तरी सुरी तिच्याच शब्दावर चालणार होती. खिडकीजवळचं ते टेबल तिच्या डोळ्यांसमोरून एकदम लांब लांब गेलं.

दोघं मॅडमकडे गेले. मॅडमनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"दोन्ही वर्षांचे फोटो मशीनमध्ये आहेत. फुल्या नसलेले काढून देते. दोघांनीही दोन्ही वर्षांचे मोजायचे. आधी ही, मग तू. आकडे मला. तोवर आपसांत एक शब्द नाही."

"मॅडम, ती माझी आई आहे."

"म्हणूनच."

मिलिमीटरने खोलीतला दिवा मालवला. गेल्या वर्षीचा फोटो पडद्यावर आला. राखाडी गळ्यात ती लांबट गाठ, आणि तिच्याभोवती काजळाची रेघ ओढावी तसं बारीक काळं कडं. तिने एक फुली ठेवली, दुसरी ठेवली. मग आकडा वाचला.

सोळा.

पुसून पुन्हा मोजलं. सोळाच. मग यंदाचा फोटो उघडला. तोही सोळा.

गाठ तसूभरही हलली नव्हती. गेल्या वर्षी होती तेवढीच होती. आधी तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग लगेच लाजेने ती आतल्या आत आक्रसली. साच्यात जुना आकडा लिहायला जागा होती, म्हणून तिने तो उतरवला होता. जुना फोटो उघडा असं साचा सांगत नव्हता, म्हणून तिने तो उघडला नव्हता. आकड्याला आकडा लावून मोकळी झाली होती! काकांच्या तीन रिपोर्टांवर इतकी वर्षं चिडलेली बाई, आणि चौथा रिपोर्ट तिनेच लिहिला होता.

पण मग त्याला तेरा कुठून मिळाले? तिने पुन्हा त्या काळ्या कड्याकडे पाहिलं. अंदाज आला, नुसता अंदाज. खात्री व्हायची तर त्याने मोजायला हवं होतं. काहीही न कळता मोजायला हवं होतं.

ती बाहेर आली. तो दाराशीच होता. केस विस्कटलेले, हातात कागदी रुमालाचा चोळामोळा.

"वाईट आहे का?"

तिने मान खाली घातली.

"आकडा नको सांगूस. नुसतं... बरं की वाईट. एकच शब्द."

शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. तो ऐकून त्याचा चेहरा कसा सुटला असता, डावा डोळा कसा मिटला असता, तेही तिला दिसत होतं. एक शब्द, आणि हा माणूस पुन्हा श्वास घेऊ लागला असता. पण त्याच शब्दाने पुढच्या क्षणी त्याच्या बोटांतली फुली आपोआप सरकली असती, त्याच्या नकळत. मग दोन डॉक्टरांचं एकमत झालं असतं, आणि त्याला काडीची किंमत उरली नसती. त्याच्या आईचा गळा त्या एकमतावर सोडायचा?

"तुझं मोजून होऊ दे," ती म्हणाली.

"मान तरी हलव."

तिने मान ताठ धरली. इतकी, की दुखायला लागली.

"माझी आई आहे गं ती!"

"माहीत आहे मला."

तो तिच्याकडे बघत राहिला. असं त्याने तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "तुला नियम महत्त्वाचे. माणसं काय... साधारणच." दार बंद झालं.

ती पेटीला टेकून उभी राहिली. पेटीची ऊब पाठीला लागत होती आणि हात मात्र बर्फासारखे. संपलं, तिला वाटलं. गाठ वाढली नाही हे त्याला थोड्या वेळात कळेल, आणि आपल्याला हे आधीच माहीत होतं हेही कळेल. मग तो आपल्याशी कशाला बोलेल? नर्सबाईंनी एरवी दहा टोमणे मारले असते. आज त्यांनी मुकाट्याने पाण्याचा पेला आणून दिला.

बऱ्याच वेळाने मॅडमनी दोघांना आत बोलावलं. त्यांच्या हातात दोन चिटोरी होती.

"हिचे आकडे, गेल्या वर्षी सोळा, यंदा सोळा. तुझे, गेल्या वर्षी तेरा, यंदा तेरा." त्यांनी चष्मा काढला. "अभिनंदन. दोघंही स्वतःशी अगदी प्रामाणिक आहात. एकमेकांशी तेवढं जुळत नाही."

मग त्यांनी दोघांच्या फुल्या एकाच फोटोवर लावून दाखवल्या. त्याच्या फुल्या काळ्या कड्याच्या आत होत्या, तिच्या कड्याच्या बाहेर. बस, एवढंच. गाठ जिथल्या तिथे होती, मोजणारे हात तेवढे बदलले होते.

"कडं गाठीचंच असतं, ते धरून मोजायचं. तू ते सोडलंस, तू चुकलास. आणि तू जुना फोटो न उघडता 'वाढ' लिहिलंस, तूही चुकलीस. आणि फुली कुठे ठेवायची हे मी साच्यात लिहिलं नाही, तेव्हा माझंही नाव घाला." त्यांनी फोन उचलला. "सर्जनना मी सांगते. ऑपरेशन रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, आणि कड्याच्या बाहेरून बघू."

बाहेर बोळात तो स्टुलावर बसला. ती समोर उभी राहिली.

"मी आत जायच्या आधीच तुला कळलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तरी गप्प बसलीस."

"हो." ती म्हणाली. "आणि 'वाढ' मीच लिहिलं होतं. तुझ्या आईंना ऑपरेशनच्या टेबलापर्यंत मीच नेलं. त्याबद्दल तू काय म्हणशील ते..."

"थांब." त्याने हात वर केला. "तू तो शब्द सांगितला असतास ना, तर मी आत जाऊन आपोआप सोळा मोजलं असतं. तुला हवं तिथे फुली सरकवली असती. आणि मग आयुष्यभर मनात राहिलं असतं, गाठ खरंच तेवढीच होती, की मला ती तेवढीच हवी होती." तो जमिनीकडे बघत होता. "मी फार वाईट बोललो तुला."

"साधारण किती?"

त्याने वर पाहिलं. डावा डोळा किंचित मिटला. "तीन मिलिमीटर."

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. तो धडपडत उठला, आणि रुमाल सापडेना म्हणून जेल पुसायच्या कागदाचा अख्खा गुंडाळाच तिच्या हातात कोंबला. त्याची बोटं तिच्या बोटांवर राहिली. तो काहीतरी बोलणार होता, अगदी ओठांवर आलं होतं... तेवढ्यात नर्सबाई ओरडल्या, "दोन नंबरचे पेशंट उठून बसलेत हो!" आणि तो पुन्हा नेमक्या जागी मुका झाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आईचा निरोप आला. दोघांनी बसस्टँडवर यायचं, आणि वाटेत फार बडबड करायची नाही.

आईची केबिन फलाटांच्या टोकाला होती. तीन बाजूंनी काच, टेबलावर माइक, आणि खुर्चीवर राणीसारखी आई. मिलिमीटरच्या तोंडात माफीची वाक्यं तयार होती, पण आईने तिला बोलूच दिलं नाही.

"तू बाहेर," ती मुलाला म्हणाली. "काचेपलीकडे. पाठ करून उभा राहा." मग दार लावून घेतलं. "बस गं. त्या दिवशी मी गळ्यासाठीच आले होते हो, खोटं कशाला बोलू. पण तुला बघायलाही आले होते. घरी उठता बसता मिलिमीटर, मिलिमीटर. म्हटलं बघू तरी केवढी आहे ती."

मिलिमीटर लाजेने पाणी पाणी झाली. "आई, मी तुमच्या रिपोर्टमध्ये..."

"ते झालं. तू तेव्हा तोंड मिटून बसलीस, म्हणून आज माझं उघडं आहे. आता मला सांग, माझा मुलगा आवडतो तुला?"

बाहेर एक गाडी घरघरत लागली. काचेपलीकडे त्याची पाठ ताठ होती. "हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

तिला विचार करावा लागला नाही. "पहिल्या दिवसापासून. सातव्या मिनिटाला. मी जेलची बाटली परत द्यायला गेले, तेव्हा."

आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं, दार उघडलं आणि तिला बाहेर पाठवून मुलाला आत घेतलं. आता काचेकडे पाठ करून ती उभी राहिली. आतलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. त्याला काय विचारलं असेल? तो काय म्हणेल? म्हणेल, कधीपासून म्हणजे... साधारण मागच्या महिन्यापासून? की नेहमीसारखा मुकाच राहील? तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. समोरचा फलाट तिला दिसत होता आणि दिसत नव्हता.

फलाटावरचे कर्णे खरखरले. मग तो आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, वर्षानुवर्षं होता तसाच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दोघांनाही वेगवेगळं विचारण्यात आलं आहे. दोघांचंही उत्तर सातवं मिनिट असं आलं आहे. रिपोर्ट जुळले आहेत. पुन्हा ऐका, रिपोर्ट जुळले आहेत."

प्रवाशांनी एकमेकांकडे पाहिलं. एका आजोबांनी घाईने आपलं तिकीट काढून तपासलं. मिलिमीटर वळली. केबिनच्या दारात तो उभा होता, कान लालबुंद, आणि ह्या वेळी मुका नव्हता.

"तू घड्याळ न बघता बरोबर सातव्या मिनिटाला आलीस," तो म्हणाला. "मी घड्याळ बघत होतो, आणि मला वाटत होतं तू लवकर यावंस. तेव्हाच कळलं मला. आवडतेस तू मला. साधारण वगैरे नाही. अगदी... कड्याच्या बाहेरून मोजलं तरी."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि मागे बाटलीवरून त्याने काढून घेतला होता तसा आता काढून घेतला नाही.

"किती वेळ धरायचाय?" त्याने विचारलं. "नेमकं सांग. तू सांगशील तसं."

तिने त्याच्या मिटणाऱ्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं.

"साधारण," ती म्हणाली, "कायमचा."